दोनशे बत्तीस

एकतीस डिसेंबर. दुपारचे चार, आणि तार्तूत अंधार पडून झालाय.
तळघरात मी, सूक्ष्मदर्शक,
आणि त्याच्या पोटात कार्बनच्या पापुद्र्यावर
कथलाचे काही हजार कण.
बाकीचे घरी गेले. काल्मेरने दारावर चिठ्ठी डकवलीय:
"विर्वे, शेवटी दिवे तूच मालव."

पुस्तकातलं कथील दोनशे बत्तीस अंशांना वितळतं.
शाळेत घोकलेला आकडा. खोटा नाही,
पण मोठ्यांपुरता आहे:
पळीभर, मूठभर,
चर्चमधल्या ऑर्गनच्या नळीएवढ्या कथलापुरता.
माझ्या कणांच्या तो कानावरही आलेला नाही.

एकशे ऐंशी. बारकी पोरं आधी गेली.
गेली म्हणजे, रेघा गेल्या.
अणूंच्या ओळी, वाफ्यात पेरल्यासारख्या सरळ,
थरथरल्या, पुसट झाल्या,
आणि पडद्यावर उरला एक करडा थेंब,
काहीच न आठवणारा.
शेजारचा दुप्पट जाड. तो अजून ओळीत उभा.

कारण साधं आहे, दर सप्टेंबरला वर्गात सांगते.
आतल्या अणूला चहूकडून शेजार,
काठावरच्याला एका अंगाला नुसती पोकळी,
म्हणून त्याचा पाय आधी सुटतो.
मोठ्या गोळ्यात काठ असून नसल्यासारखा.
कण लहान होत जातो
तसतसा तो सगळाच काठ.
"म्हणजे माणसांचंही..." कुणीतरी हमखास म्हणतं.
मी म्हणते, उपमा वहीच्या मागच्या पानावर.
पुढच्या पानावर आलेख.

आणि नुसतं लहान असून भागत नाही, घडणही बघावी लागते.
तितकेच अणू, तोच धातू,
पण कोपरे असले की कोपरे आधी मऊ पडतात.
तारेची तर तऱ्हाच वेगळी.
मार्चमध्ये एक तापवली होती, केसाच्या हजाराव्या हिश्शाची.
वितळायच्या कितीतरी आधी तिला कंबर आली,
मग दुसरी, तिसरी,
आणि तार होती तिथे मण्यांची रांग,
मधला दोरा नाहीसा.
नोंदवहीत लिहिलं: तुटली.
खोडून लिहिलं: तिला गोल व्हायचं होतं.
तेही खोडलं. धातूला काही व्हायचं नसतं.

दिवे मालवले.

बटाटा गल्लीतल्या लाकडी घरात
सासूबाईंनी गॅसवर पळी धरलीय.
लेइदा, शहाऐंशी वर्षांची, हात अजून स्थिर.
पळीत घोड्याच्या नालाएवढं कथील,
खाली बादली, पाण्यात अंगणातला बर्फ.
हे मात्र पुस्तकातलं कथील. दोनशे बत्तीसलाच हललं.
फस्स.
बाहेर काढलेला वाकडातिकडा तुकडा
मेणबत्तीसमोर फिरवून ती भिंतीवरची सावली वाचते:
"होडी. नाहीतर कुत्रा.
होडी असेल तर तूले, तू परगावी जाणार."
"आणि कुत्रा असेल तर?"
"तर कुत्रा."

तूले नऊ वर्षांची. बाही कोपरापर्यंत वर करून
बादलीच्या तळाचे थेंब वेचतेय,
मोहरीएवढे, त्याहून बारीक.
"यांचं नशीब कोण वाचणार?"
"ते धरत नाहीत," लेइदा म्हणते.
मी म्हणते, मी धरते. महिन्याच्या पगारावर.

"लहान ते नेहमीच आधी वितळतं का गं, आई?"
बहुतेक. नेहमी नाही.
शिशाचा कण ॲल्युमिनियमच्या आत गच्च बसवला,
अणूला अणू लागून, फट न ठेवता,
तर पुस्तकातला आकडा ओलांडूनही
तो काही अंश तग धरतो.
"का?"
काठाला शेजारी मिळतो म्हणून.

मागच्या वर्षी आम्ही चार तुकडे ओतले होते.
आर्वोचा अजून खिडकीत आहे,
धूळ बसलेला. त्यात कुणालाच काही दिसलं नव्हतं.

मागचं पान. मागचं पान, विर्वे.

लेइदा पळी पुन्हा आचेवर धरते,
माझ्याकडे न बघता म्हणते,
"पाणी बदल आधी.
यात अजून पोरीचं नशीब आहे."